बाळंतिणीची सूज



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका बाळंतिणीला भेटायला मी सहाव्या दिवशी गेले होते. दुसरी मुलगी झाली होती. पत्र्याची खोली, खाटेखाली शेगडी, कोपऱ्यात ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, कानाला फडकं गुंडाळून ती भिंतीला टेकून बसलेली. पाय घोट्यापासून सुजले होते. जोडवी इतकी रुतली होती की बोटं दोन्ही बाजूंनी फुगून वर आली होती. ती म्हणाली, "दवाखान्यातून निघताना सिस्टरांना दाखवलं ताई. त्या म्हणाल्या, बाळंतिणीला सूज येतेच."

मीही मान हलवली. पाय उशीवर ठेव, पाणी भरपूर पी, पापड-लोणचं थोडे दिवस बंद कर, असं सांगितलं. सौभाग्याचं लेणं काढायचं नाही म्हणून सासूबाई अडून बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, मावशी, आठ दिवसांनी पुन्हा घालू, बोट राहिलं तर जोडवं राहील. मग त्यांनीच साबण लावून ती हलक्या हातानं सोडवली. आज आपण काहीतरी मोठं काम केलं अशा समाधानात मी पुढच्या घरी गेले.

नवव्या दिवशी पहाटे तिला झटका आला. रिक्षातून, मग ॲम्ब्युलन्समधून, दोन दवाखाने पालथे घालून तिसऱ्या ठिकाणी तिला घेतलं. रक्तदाब खूप वाढला होता. ती वाचली. अकरा दिवसांनी घरी आली तेव्हा दूध जवळजवळ आटलं होतं आणि घरातलं होतं नव्हतं ते सोनं गहाण पडलं होतं.

नंतर तिनं सांगितलं, डोकं पाचव्या दिवसापासून ठणकत होतं. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. सकाळी उठल्यावर तोंडही सुजलेलं असायचं. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "वाऱ्याला बसली असशील म्हणून मलाच बोलल्या असत्या. आणि तुम्ही कुठं विचारलंत?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, वस्तीत दहा वर्षांचं काम, माता-आरोग्यावरची कितीतरी शिबिरं, आणि मी पायांकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं जे वाक्य तिच्या तोंडावर फेकलं तेच मी जरा गोड आवाजात म्हटलं, इतकाच फरक.

संपादक मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, हा तर आरोग्य-सल्ल्याच्या सदराचा विषय, संपादकीयात कशाला? मला तसं वाटत नाही. कुठलं दुखणं 'होतंच' आणि कुठलं दुखणं 'आहे', हे बाईच्या बाबतीत कोण ठरवतं, हा आपल्या चळवळीचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या स्त्रियांची तपासणी करून लिहिलं, की ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. तोवर तेही 'होतंच' होतं. त्याच जिल्ह्यात पुढं घरी बाळंत झालेल्या ७७२ स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्या २००४ साली प्रसिद्ध झाल्या. बाळंतपणाच्या वेळी त्रास झालेल्या १७.७ टक्के आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत त्रास झालेल्या ४२.९ टक्के. आपलं सगळं लक्ष मूल बाहेर येण्याच्या घटकेवर असतं. दुखणी मात्र त्यानंतरच्या सव्वा महिन्यात जास्त असतात, आणि त्या वेळी सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडं लागलेल्या असतात.

तेव्हा आधी सूज म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. दिवस गेल्यावर बाईच्या अंगातलं रक्तच दीड लिटरच्या आसपास वाढतं. एकूण पाणी सहा ते आठ लिटर वाढतं. त्यात वाढलेलं गर्भाशय पायांकडून वर येणाऱ्या शिरा दाबतं, म्हणून शेवटच्या महिन्यात पाय भरतात. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर हे जादा पाणी एका रात्रीत कुठं जाणार? ते हळूहळू रक्तात येतं आणि लघवीवाटे, घामावाटे निघतं. म्हणून पहिल्या आठवड्यात बाळंतीण रात्री घामानं चिंब होते, सारखी लघवीला जाते. सिझेरियन झालेल्या किंवा कळा येण्यासाठी सलाइन लावलेल्या बाईच्या अंगात वरून आणखी बाटल्या गेलेल्या असतात, तिची सूज जास्त दिसते आणि बाळंतपणानंतर दोन-तीन दिवस वाढतेही. ही साधी सूज दोन्ही पायांना सारखी असते, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी, आणि आठ-पंधरा दिवसांत उतरते. माझ्या स्वतःच्या सिझेरियननंतर मी आठवडाभर नवऱ्याच्या चपला घालून फिरत होते. तिच्या घरी मी इतकी निर्धास्त राहिले त्याचं एक कारण तेही असावं. माझी उतरली, हिचीही उतरेल.

ही साधी सूज हलकी करायला फारसं काही लागत नाही. दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवायचे, खाली दोन उशा किंवा गोधडीची वळकटी घ्यायची. कुशीवर झोपायचं, डाव्या कुशीवर असेल तर बरं. पाय लोंबते ठेवून किंवा एकावर एक टाकून फार वेळ बसायचं नाही. पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवायची, घोटे गोल फिरवायचे, पोटऱ्यांचे स्नायू हलले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. खोलीतल्या खोलीत थोडं थोडं चालायचं. सिझेरियनवालीनंही डॉक्टरांनी उठवलं की उठायचं. जोडवी, अंगठ्या, घट्ट बांगड्या, घट्ट नाडीचे परकर काढून ठेवायचे. पोट बांधायचंच असेल तर हात सहज आत जाईल इतकं सैल.

आणि पाणी. "पाणी प्यालं की पोट सुटतं, सूज चढते" म्हणून बाळंतिणीला घोट घोट पाणी देणारी घरं मला आजही भेटतात. हे उलटं आहे. पाणी तोडलं म्हणून सूज उतरत नाही. लघवी कोंडते, शौचाला खडा होतो, टाक्यांवर ताण येतो, आणि अंगावर पाजणारीला तहान तर जास्तच लागते. तहान लागेल तेवढं पाणी प्यायचं. धण्या-जिऱ्याचं पाणी द्यायला हरकत नाही, ते शेवटी पाणीच आहे. घेटुळीची भाजी खाल्ली तरी बिघडत नाही. पण मेडिकलमधून परस्पर 'लघवीची गोळी' आणून देणारे नवरे आहेत, त्यांना अडवा. साध्या सुजेला ती लागत नाही, आणि त्यानं दूध कमी होऊ शकतं. मीठ अजिबात तोडायची गरज नाही. पापड, लोणचं, फरसाण आणि वडापावबरोबरची खारवलेली मिरची तेवढी बाजूला ठेवली तरी पुरे. डाळ, अंडं, दूध, पालेभाजी, हळीव पोटात गेलं पाहिजे. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तपांढरी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं सांगितलं आहे. रक्त फारच कमी असेल तर त्यानंही अंगावर सूज राहते, आणि ती उशी देऊन उतरत नाही.

खालच्या टाक्यांची सूज हा बायका एकमेकींनासुद्धा न सांगणारा विषय. बसता येत नाही म्हणून एका नितंबावर तिरकं बसून बाळाला पाजणाऱ्या कितीजणी आपण पाहिल्या आहेत! पहिल्या एक-दोन दिवसांत गार शेकानं ही सूज चांगली उतरते. प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत बर्फ घालून, ती स्वच्छ सुती कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायची. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. "बाळंतिणीला गार?" म्हणून घरात हलकल्लोळ होतो, तो होऊ द्यावा. वस्तीत फ्रीज नसेल तर मच्छीवाल्याकडं किंवा गोळेवाल्याकडं बर्फ मिळतो, आम्ही तसा आणलेला आहे. पहिला दिवस उलटला की स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं, कापडानं टिपून कोरडं करायचं. सूज एका बाजूला वाढत चालली, ठणका असह्य झाला, पू किंवा घाण वास आला तर मात्र दाखवायचंच. इथं आणखी एक विचारायला हवं. हे टाके मुळात गरजेचे होते का? बाळंतपणात सरसकट छेद देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. आपल्याकडं अनेक ठिकाणी पहिलटकरणीला तो न विचारता दिला जातो, आणि कधी कधी कागदावरही येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो तेव्हा छाती दगडासारखी होते. त्यावर उपाय एकच, बाळाला पुन्हा पुन्हा घेणं, रात्रीसुद्धा. पाजण्याआधी कोमट फडकं ठेवून थोडं दूध हातानं काढलं की काळं मऊ होतं आणि बाळाला धरता येतं. पाजून झाल्यावर गार फडकं ठेवायचं. एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ आणि अंगात ताप असेल तर डॉक्टर, पण पाजणं थांबवायचं नाही.

आता हे सगळं लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटते. पाय उंच ठेवून अर्धा तास पड, असं मी कुणाला सांगते आहे? ज्या वस्तीत नळ पहाटे साडेचारला येतो आणि पाचला जातो, तिथं हंडा कोण भरणार? पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा आई असते, मालिशवाली असते, डिंकाचे लाडू असतात. दुसरं सासरी होतं. आमच्या या मैत्रिणीकडं पहिल्या खेपेला मालिशवाली महिनाभर येत होती, दुसरी मुलगी झाल्यावर पाच दिवसांत बंद झाली. ऊसतोडीच्या टोळीतली किंवा बांधकामावरची बाई तर सव्वा महिना कुणाच्या जिवावर घरात बसेल? प्रसूती-रजेचा कायदा १९६१ चा, त्यात २०१७ साली २६ आठवड्यांची तरतूद झाली. ती ज्यांच्या हातात नेमणुकीचा कागद आहे त्यांच्यासाठी. धुणीभांडी करणाऱ्या आमच्या बायकांची पंधराव्या दिवशी बदलीची बाई शोधली जाते, आणि शोधणारीही बाईच असते.

आपल्या बाजूनंही एक कबूल करायला हवं. सव्वा महिना बाळंतिणीनं चुलीला शिवायचं नाही, या रूढीवर आम्ही विटाळ म्हणून तुटून पडलो. ते बरोबरच होतं. पण त्या विटाळाच्या आडोशाला बाईला चाळीस दिवस पाठ टेकायला मिळत होती. विटाळ गेला, स्वयंपाकघराचं दार उघडलं, आणि आठव्या दिवशी तिच्या हातात लाटणं आलं. विश्रांती हक्क म्हणून मागायला आपण तिला शिकवलं नाही. ज्या घरात पुरुष पाणी भरतो, पोळ्या लाटतो, त्या घरातल्या बाळंतिणीची सूज लवकर उतरते, असं म्हणायला माझ्याकडं आकडेवारी नाही. डोळ्यांनी मात्र मी ते पाहिलं आहे.

आणि आता ती सूज, जी उशीनं उतरत नाही. हा भाग गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.

हातांना आणि तोंडाला एकाएकी सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली पोटात दुखणं, मळमळ, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यापुढं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. १६० किंवा ११० च्या पुढं असेल तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि जिथं रात्रीही डॉक्टर असतात अशा मोठ्या दवाखान्यात जायचं. हा रक्तदाब फक्त गरोदरपणात वाढतो असं नाही, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो वाढू शकतो, गरोदरपणात अगदी ठीक असलेल्या बाईचाही. झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेट हे औषध महागडं नाही. तेहतीस देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी झालेला दिसला. औषध आहे. बाई वेळेत त्याच्यापर्यंत पोचत नाही.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, लाल दिसते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय रगडायचा नाही. मालिशवाल्या मावशींना हे आवर्जून सांगा, कारण दुखऱ्या पायाला त्या जास्त जोर लावतात, आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. आडवं पडल्यावर दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, पायांची सूज दिवसेंदिवस चढते आहे, तर हृदय थकलेलं असू शकतं. हे बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंतसुद्धा होतं. त्याला 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक देत बसू नये.

व्यवस्थेबद्दल माझी तक्रार अगदी साधी आहे. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त चढतो. आपण साध्या बाळंतिणीला दोन दिवसांनी घरी पाठवतो. म्हणजे नेमका चढायच्या वेळी ती आपल्या नजरेआड जाते. आज महाराष्ट्रात ९४ टक्क्यांहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि ते मोठंच यश आहे, ते मी नाकारत नाही. २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे. गाडी घरापर्यंत सोडते, पुढं काय? आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, निदान यायला हवी. तिच्या पिशवीत बाळासाठी वजनकाटा असतो, तापमापक असतो. आईच्या रक्तदाबाचं यंत्र त्या पिशवीच्या मूळ यादीत नाही. ज्या बाईच्या पोटातून ते बाळ आलं, तिला मोजायला काही नाही! आशाताईंवर हा राग नाही. तुटपुंज्या मोबदल्यात त्या जे करतात ते आपण जाणतो. त्यांच्या पिशवीत ते यंत्र आणि हातात त्याचा योग्य मोबदला, अशी मागणी आपण त्यांच्याबरोबरीनं करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली सांगितलं आहे, की घरी गेल्यावरही ४८ ते ७२ तासांत, मग सातव्या ते चौदाव्या दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात आईची तपासणी व्हावी. आपल्या डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लसींच्या तारखा ठळक असतात. आईच्या रक्तदाबासाठी एक रकाना आणि एक तारीख छापायला किती शाई लागते?

त्या घटनेनंतर आमच्या गटानं दंडाला बांधायचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र विकत घेतलं. दोन हजारांच्या आसपास खर्च आला, तो भिशीतून केला. ते कुणाच्या एकीच्या घरी कुलपात राहू नये म्हणून अंगणवाडीजवळच्या किराणावाल्या ताईंकडं ठेवलं आहे. दोघी तरुण मुली शिकल्या: बाईला पाच मिनिटं शांत बसवायचं, लघवीला जाऊन येऊ द्यायचं, पावलं जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. आकडा वहीत लिहायचा. आणि आकड्याआधी तीन प्रश्न विचारायचे: डोकं दुखतं का, डोळ्यांना कसं दिसतं, झोपल्यावर दम लागतो का. पहिल्या पाच महिन्यांत बावीस बाळंतिणी मोजल्या. तिघींना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. त्यातल्या एकीला "उगाच घाबरवता, घरी न्या" म्हणून परत पाठवलं होतं. आम्ही चौघी वही घेऊन ओपीडीच्या दारात बसलो, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी मोजलं आणि दाखल करून घेतलं.

वहीतलं पहिलं नाव त्या मैत्रिणीचं आहे, तिच्याच आग्रहानं. तेव्हा मुलगी तीन महिन्यांची झाली होती, मोजायची वेळ कधीच टळून गेली होती. पण ती म्हणाली, "माझा पण लिहा." जोडवी सासूबाईंनी अजून डब्यातच ठेवली आहेत. तुमच्याकडं अशी वही असेल, किंवा या अंकानंतर सुरू झाली, तर पुढच्या अंकासाठी पत्र पाठवा. किती जणींना मोजलं, किती जणींना परत पाठवलं, आणि काय सांगून परत पाठवलं, तेवढं लिहा.